पाठीवरचा आकडा आणि त्याचे वारस

अमुक नंबरची जर्सी घालणाऱ्यांत सर्वांत थोर कोण, हा वाद मुळात अमेरिका-कॅनडातल्या बर्फावरच्या हॉकीवाल्यांचा. एकेक आकडा घ्यायचा, तो ज्यांनी ज्यांनी पाठीवर वागवला त्यांची नावे मांडायची आणि एकाच्या डोक्यावर मुकुट ठेवायचा. तिकडचे लोक त्यावर रात्रीच्या रात्री काढतात. आपल्याकडे हा वाद क्रिकेटच्या वाटेने आला. कर्जत-खालापूर पट्ट्यात भातकापणी उरकली की त्याच शेतांत टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. जर्सीवर पुढे गावाचे आणि पुरस्कर्त्या शेठचे नाव असते, मागे खेळाडूचे नाव आणि आकडा. नावाच्या जागी पुष्कळदा नुसते ‘भाई’ किंवा ‘दादा’ असते, पण आकडा मात्र विचार करून निवडलेला असतो. १० कोणी घ्यायचा, १८ कोणी घ्यायचा, यावरून छपाईच्या आधीच संघात दोन तट पडतात. मग ओघाने विषय निघतो, की या आकड्याचा खरा मानकरी कोण.

हा वाद पोरकट आहे असे मी मानत नाही. खेळाच्या इतिहासात एका खेळाडूने दुसऱ्याला काय दिले, हे त्यातून तपासता येते. पण त्यासाठी त्या आकड्याला किमान दोन वारस तरी लागतात. एकाच माणसाने वागवलेल्या आकड्याबद्दल वाद कसला घालणार? आणि नेमकी हीच गोष्ट आपली क्रीडामंडळे गेली काही वर्षे बिघडवत चालली आहेत. म्हणून हे सगळे प्रकरण मुळापासून पाहायला हवे.

आकडा आधी खेळाडूचा नव्हता, जागेचा होता. इंग्लंडमध्ये १९३३च्या एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात दोन्ही फुटबॉल संघांना मिळून १ ते २२ असे नंबर दिले होते. पुढे १ म्हणजे गोलरक्षक, ९ म्हणजे मधला आघाडीवीर, अशी रीत रुळली. आकड्याला व्यक्तीचे वलय आले ते नंतर, आणि तेही कधीकधी निव्वळ योगायोगाने. १९५८च्या विश्वचषकात ब्राझीलच्या संघाकडून नंबरांची यादीच गेली नव्हती, म्हणून ते परस्पर वाटले गेले. त्यात गोलरक्षक गिल्मारच्या वाट्याला ३ आला आणि पेले नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला १०. पुढे जगभर दहा नंबरला जे महात्म्य आले, त्याच्या मुळाशी ही कारकुनी सोय आहे.

क्रिकेटला आकड्याची गरजच नव्हती. स्लिपमधला माणूस पुढच्या षटकात मिडऑनला जातो, त्यामुळे जागेचा नंबर देणार तरी कसा? ऑस्ट्रेलियात १९९५-९६च्या मोसमात एकदिवसीय सामन्यांत नंबर आले, विश्वचषकात ते १९९९ साली दिसले आणि कसोटीच्या पांढऱ्या कपड्यांवर तर थेट २०१९च्या ऑगस्टमध्ये. म्हणजे क्रिकेटचा आकडा जन्मापासूनच शोभेचा. जागेशी संबंध नसल्यामुळे तो निवडायला दुसरी कारणे लागली, आणि इथे आपल्या लोकांनी आपला पिढीजात छंद कामाला लावला.

तो छंद आमच्या भागात चौकाचौकात दिसतो. गाडीला ४१४१ नंबर घेऊन त्याचा ‘दादा’ करणारे आणि २१४चा ‘राम’ करणारे महाभाग ज्याला ठाऊक नाहीत, असा माणूस रायगड जिल्ह्यात सापडायचा नाही. ज्यांना अक्षरे जमवता येत नाहीत ते बेरीज जमवतात, आणि ती शक्यतो नऊ यावी लागते. क्रिकेटपटू यात मागे नाहीत. धोनीचा ७ म्हणजे सातव्या महिन्याची सात तारीख, युवराजचा १२ म्हणजे बाराव्या महिन्याची बारा. रोहित शर्माला हवा होता ९, तो मिळेना, तेव्हा आईने ४५ सुचवला असे सांगतात. चार आणि पाच नऊ. गंमत अशी, की बर्फावरच्या हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू वेन ग्रेट्झ्की यालाही पोरवयात ९च हवा होता, कारण तो त्याच्या दैवताचा, गॉर्डी हाऊचा नंबर. संघात तो आधीच कोणीतरी घेतलेला होता, म्हणून ग्रेट्झ्कीने दोन नऊ घेतले. तिथून ९९ अमर झाला. आणि आमचा वीरेंद्र सेहवाग आधी ४४ वागवत होता, पुढे त्याने आकडाच काढून टाकला आणि कोऱ्या पाठीने खेळला. या सगळ्या खेळात मला तोच सर्वांत शहाणा वाटतो.

आता या वादातला पहिला मोठा दोष. आकड्यांवरून थोरवी ठरवायची म्हटली, तर सुनील गावसकर यादीबाहेर जातो. वेंगसरकर, उम्रीगर, हजारे सगळेच जातात. १९८३चा विश्वचषक पांढऱ्या कपड्यांत जिंकला, त्या संघातल्या कोणाच्या पाठीवर काहीही नव्हते. म्हणजे ‘प्रत्येक नंबरचा सर्वश्रेष्ठ’ ही यादी आपोआप नव्वदीनंतरच्या, रंगीत कपड्यांच्या आणि दुकानात विकल्या जाणाऱ्या जर्सींच्या काळाची होते. हॉकीतही तसेच. धनराज पिल्ले हा खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीतून आलेला आघाडीवीर चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार चॅम्पियन्स करंडक आणि चार आशियाई स्पर्धा खेळला. १९९८ला बँकॉकमध्ये त्याच्या नेतृत्वाखाली सुवर्ण आले. पण त्याचे नाव काढले की लोकांना उडणारे केस आणि उजवीकडून सुटलेली धाव आठवते, आकडा आठवत नाही. त्याने धनराजचे काही बिघडत नाही, यादी तेवढी लंगडी पडते.

ही मर्यादा मान्य करून काही आकडे पाहू. सगळे पाहण्यात अर्थ नाही. पुष्कळ आकड्यांवर भांडावे असे काही घडलेलेच नाही.

१९ हा राहुल द्रविडचा. इंदूरला मराठी घरात जन्मलेला, बंगळुरात वाढलेला. त्याच्यानंतर २०१५च्या विश्वचषकात तो आकडा दिसला उमेश यादवच्या पाठीवर, नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या वेगवान गोलंदाजाच्या. त्या स्पर्धेत उमेशने १८ बळी घेतले, भारताकडून सर्वाधिक. निकाल द्रविडच्या बाजूने लागतो, त्यात चर्चेचे काही नाही. पण द्रविडचा आकडा दुसऱ्याने घेतला म्हणून कोणी ओरड केली नाही, आणि उमेशच्या त्या कामगिरीने द्रविडचे काही कमी झाले नाही. पुढे येणाऱ्या प्रकरणासाठी हे लक्षात ठेवावे.

१८ची गोष्ट वेगळी, कारण त्याला एकाच वेळी दोन धनी आहेत. विराट कोहली आणि सांगलीची स्मृती मानधना. १८ डिसेंबर २००६ ही कोहलीच्या वडिलांच्या मृत्यूची तारीख, १८ जुलै १९९६ ही स्मृतीची जन्मतारीख. एकाच आकड्यात एकीकडे सुतक आणि दुसरीकडे बारसे. बंगळुरूच्या संघातही दोघे १८च घालतात. तिथे करंडक आधी स्मृतीने आणला, २०२४ साली, आणि पुरुषांनी तो २०२५ साली आणला. आकडा सारखा म्हणून तुलना करू नका, असे स्मृती स्वतः सांगून चुकली आहे, आणि तिचे बरोबर आहे. धावांच्या ढिगावर तोलायचे तर कोहली. पण एक गोष्ट नजरेआड करू नये. कोहलीच्या आधी भारतीय फलंदाजीने शिखरे पाहिलेली होती. सतरा वर्षांची असताना एकदिवसीय सामन्यात महाराष्ट्राकडून २२४ धावा काढणाऱ्या मुलीच्या पुढे तशी चढून गेलेली वाट नव्हती, कारण भारतात एकदिवसीय सामन्यात द्विशतक काढणारी ती पहिलीच महिला. १८वर मी दोन नावे ठेवतो, आणि तडजोड म्हणून नव्हे.

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ५. या आकड्याचा फारसा गवगवा नाही. २ एप्रिल २०११, वानखेडे. श्रीलंकेच्या २७४ धावा. सेहवाग दुसऱ्याच चेंडूवर गेला, तेंडुलकर १८वर गेला, फलकावर ३१ धावा आणि दोन बळी. तिथून गौतम गंभीरने ९७ काढल्या. धाव पुरी करताना झेप घेऊन मातीत पडलेला तो, छातीपासून पोटापर्यंत मळलेली निळी जर्सी आणि पाठीवर ५. त्या रात्रीचे छायाचित्र म्हणून आपण धोनीचा षटकार जपला आणि सामन्याचा मानकरीही धोनीच ठरला. मळलेली जर्सी मागे पडली.

३० ऑक्टोबर २०२५, नेरूळचे डी. वाय. पाटील मैदान. खालापूरच्या टोलनाक्यावरून निघालो तर रहदारी नसताना तासाभराची वाट. महिलांच्या विश्वचषकाचा उपांत्य सामना, ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा. एवढ्या धावांचा पाठलाग महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये तोवर कोणी पुरा केला नव्हता. भांडुपची जेमिमा रॉड्रिग्ज तिसऱ्या क्रमांकावर आली आणि १२७ धावांवर नाबाद राहिली. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळले होते. ती लहानपणी महाराष्ट्राकडून हॉकीही खेळलेली आहे. ती परतली तेव्हा तिचीही जर्सी मातीने माखलेली होती आणि तिच्याही पाठीवर ५ होता. दुसऱ्या दिवशी दोन्ही छायाचित्रे शेजारी शेजारी फिरली, आणि चौदा वर्षे मागे पडलेली गंभीरची ती मळकी जर्सी पुन्हा लोकांच्या डोळ्यांपुढे आली.

माझा निकाल जेमिमाच्या बाजूने आहे. गंभीरचा डाव अंतिम सामन्यातला होता हे खरे, पण शेवटपर्यंत राहून काम तडीला नेले ते तिने, आणि लक्ष्यही अधिक अवघड होते. कोणी उलट म्हणेल. त्याने सबंध कारकीर्द मोजायचा आग्रह धरला, तर मला थोडे मागे सरावे लागेल. पण वाद आहे तो असा. दोन्ही पारडी भरलेली, आणि दुसरीने पहिल्याला उजेडात आणलेले. आकड्याला वारस मिळाला म्हणून हे घडले.

आता १०. सचिन तेंडुलकरने सुरुवातीला ९९ही घातला होता, मध्ये काही काळ ३३ही, पण तो ओळखला गेला १०वर. ३१ ऑगस्ट २०१७ला कोलंबोत शार्दूल ठाकूरने एकदिवसीय पदार्पण केले ते १० घालून, आणि लोक तुटून पडले. शार्दूल पालघरचा. पश्चिम रेल्वेच्या त्या टोकाकडून किटची बॅग घेऊन मुंबईला सरावासाठी जाणे म्हणजे काय, हे कर्जत-खोपोलीच्या गाडीत उभे राहून गेलेल्या माणसाला समजावून सांगायला नको. तिथून निघून भारताच्या संघात पोहोचलेल्या मुलाला पहिल्या दिवशी काय ऐकावे लागले, तर तुझी लायकी काय. त्याने कारण सांगितले, जन्मतारखेच्या आकड्यांची बेरीज. १६-१०-१९९१ची बेरीज २८, दोन आणि आठ दहा. गाडीच्या नंबरसाठी हेच गणित आपण सगळे करतो. पण त्याला ५४वर जावे लागले. १० यापुढे कोणाला द्यायचा नाही असे मंडळाने अनौपचारिकपणे ठरवल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. डिसेंबर २०२३मध्ये धोनीच्या ७ची तीच गत झाली. २०२५मध्ये भारत ‘अ’ संघाकडून इंग्लंडमध्ये खेळताना मुकेश कुमारच्या पाठीवर १८ दिसला, आणि कोहलीला कसोटी सोडून महिनाही झाला नव्हता तोच पुन्हा तसाच गिल्ला झाला.

मंडळाच्या या निर्णयामागे भक्ती आहे हे मला कळते. पण तो अनावश्यक आहे. क्रिकेटमध्ये खेळाडूचा स्वतःचा, कधीही दुसऱ्याला न जाणारा आकडा आधीच आहे. पदार्पणाच्या टोपीवरचा क्रमांक. कसोटीत तेंडुलकर भारताचा १८७वा, कोहली २६९वा. १८७ दुसऱ्या कोणाला जगबुडीपर्यंत मिळणार नाही. टोपीचा आकडा मालकीचा, जर्सीचा आकडा खंडाने घेतलेल्या शेतासारखा: कसायचा आणि पुढच्याच्या हाती द्यायचा. जर्सीचा आकडा बंद करून आपण तेंडुलकरला नवे काही देत नाही, पुढच्यांकडून मात्र काढून घेतो.

यावर कोणी म्हणेल, की ही रीत जगभर आहे. आहे खरी. पण ती सुरू कुठे झाली ते पाहावे. १९३४ साली टोरंटोच्या हॉकी संघाने एस बेली या खेळाडूचा ६ नंबर बंद केला. प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने डोक्याला जबर इजा होऊन त्याची कारकीर्द संपली होती, त्याच्या मदतीसाठी भरवलेल्या सामन्यात हे झाले. मोठ्या व्यावसायिक खेळांत निवृत्त झालेला हा पहिला आकडा. आणि १९६८ साली खुद्द बेलीनेच सांगितले, की माझा ६ रॉन एलिस या तरुण खेळाडूला द्या. रीत ज्याच्यापासून सुरू झाली त्यानेच ती स्वतःपुरती मोडली. आपल्याकडे निवृत्तीची बातमी पोहोचली, ही पुढची हकिकत पोहोचली नाही.

अर्जेंटिनाचे उदाहरण तर याहून बोलके. मॅराडोनाच्या सन्मानार्थ त्यांनी १० बंद करायचे ठरवले आणि २००२च्या विश्वचषकासाठी त्या आकड्याविना यादी पाठवली. फिफाने १ ते २३ सलग हवेत म्हणून ती नाकारली, आणि १० ऑर्टेगाच्या पाठीवर गेला. फिफाचे अधिकारी त्या वेळी हृदयशून्य वाटले असतील. पण त्यांनी हट्ट धरला नसता, तर पुढे मेस्सी दुसऱ्या कुठल्या तरी आकड्याने खेळला असता, आणि ‘मॅराडोना की मेस्सी’ या वादाचा अर्धा रंग गेला असता. एकाच आकड्याने दोघांना एका ओळीत उभे केले.

अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सनचा ४२ सगळ्या संघांनी १९९७ला बंद केला, तो अपवाद मला मान्य आहे. तिथे प्रश्न वर्णभेदाच्या भिंतीचा होता, फलंदाजीच्या सरासरीचा नव्हता. आणि त्यांनीही तो पेटीत ठेवलेला नाही. दरवर्षी १५ एप्रिलला सगळेच खेळाडू ४२ घालून उतरतात.

आपल्या हॉकीने या बाबतीत अर्धे शहाणपण दाखवले. ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसच्या कांस्यपदकानंतर गोलरक्षक श्रीजेशचा १६ नंबर वरिष्ठ संघातून निवृत्त झाला, त्याच वर्षी राणी रामपालचा २८ही. पण १६ कनिष्ठ संघात चालू ठेवला, आणि त्या संघाचे प्रशिक्षकपद श्रीजेशलाच दिले, म्हणजे तिथे दुसरा श्रीजेश घडावा. कल्पना सुंदर आहे. प्रश्न एवढाच, की तसा तो घडला आणि वरिष्ठ संघात आला, तर पहिल्या दिवशी त्याची जर्सी उतरवून घेणार काय?

शेवटी आमच्या मातीतल्या खेळाकडे येतो. कर्जत-खालापुरात क्रिकेट कितीही फोफावले, तरी गावाची अब्रू अजून कबड्डीवर ठरते. कबड्डीतही पाठीवर नंबर असतो, पण तो गुणलेखकासाठी. सात मैदानात, पाच बाहेर. बाद झालेले ज्या क्रमाने गेले त्याच क्रमाने जिवंत होऊन परततात, तो हिशेब नंबरवर चालतो. त्यापलीकडे त्याला मान नाही. ‘चार नंबरचा सर्वश्रेष्ठ कोण’ असे कबड्डीच्या मैदानाबाहेर विचारले, तर लोक तोंडाकडे पाहत राहतील. ‘डाव्या कॉर्नरला सर्वश्रेष्ठ कोण’ असे विचारा, मग चहा गार होईपर्यंत उठता येणार नाही. तिथे वाद जागेचा असतो, आणि जागा कोणालाही निवृत्त करता येत नाही. कॉर्नरचा गडी थकला की घोटा पकडायची त्याची ढब दुसऱ्या कुणाच्या तरी हातात उतरते, कधी पुतण्याच्या, कधी शेजारच्या आळीतल्या पोराच्या. त्याने पकड केली की कडेला बसलेले म्हातारे आधी जुन्याचे नाव घेतात.

मंडळाच्या जर्सी तर पुष्कळ ठिकाणी एकाच पिशवीत असतात. सामन्याआधी पिशवी उघडते आणि ज्याला जी अंगाला बसेल ती तो घेतो. छपाई मापाच्या क्रमाने झालेली असेल, तर १ ते ४ बारीक पोरांच्या अंगावर जातात आणि १० नंबर दोन माणसांना मिळून लागेल एवढा रुंद निघतो. तो ज्याच्या वाट्याला येतो त्याला सचिनशी काही देणेघेणे नसते. तो बाह्या वर सारतो आणि कॉर्नरला जाऊन उभा राहतो.